सातव्या ओळीतले सत्तेचाळीस सेकंद

"मोजलंस का?"

दोनच शब्द. घड्याळकाका ते दिवसातून शंभरदा म्हणत. कुणी म्हणालं, आज उकाडा जास्त आहे, की काका विचारायचे, "मोजलंस का?" कुणी म्हणालं, बायको हल्ली फार बोलते, की काका पुन्हा, "मोजलंस का?" ऐकणाऱ्याला हसू यायचं, पण काका हसत नसत. ते खरंच विचारत असायचे, आणि उत्तर आलं नाही की त्यांच्या कपाळावरची शीर टरारून उठायची.

पंपांच्या कारखान्यात ते टेस्टिंग ऑपरेटर होते. बांधलेला प्रत्येक नवा पंप किती पाणी किती उंचीवर फेकतो ते पाहायचं आणि लिहायचं, एवढंच काम. त्यांची शेड आवाराच्या मागच्या कोपऱ्यात होती. तिथली जमीन बाराही महिने ओली. मध्ये पत्र्याची मोठी टाकी, टाकीच्या अंगाला काचेची उभी नळी, नळीवर लाल रंगाच्या दोन रेघा. पाणी खालच्या रेघेवरून वरच्या रेघेवर गेलं की टाकीत बरोबर पाचशे लिटर पडले. त्याला किती सेकंद लागले, हे काका गळ्यातल्या स्टॉपवॉचवर बघत. ते घड्याळ काळ्या नाडीत ओवलेलं, जुनं, चावीचं. त्यावरूनच त्यांना हे नाव पडलं होतं. खरं नाव फक्त हजेरीपटावर उरलं होतं, असं ते समजून होते.

शिक्षण नववीपर्यंत. एकोणिसाव्या वर्षी पाण्याचे पाइप ओढायला म्हणून लागले आणि दशांश चिन्ह कॅलेंडरच्या कोऱ्या बाजूवर गिरवत शिकले. बाविसाव्या वर्षी पहिल्यांदा एकट्यानं टेस्टिंग करायला मिळालं. त्या दिवशी पंप बरेच होते. शेवटच्या एकाला त्यांनी मोजलंच नाही, कालच्या पंपाचे आकडे आजच्या कागदावर उतरवले. पंधरा दिवसांनी एका शाळेचा शिपाई तो पंप खांद्यावर घेऊन कारखान्याच्या दारात आला. गच्चीवरच्या टाकीत पाणी चढत नाही म्हणाला. भांडला नाही, ओरडला नाही. पंप खाली ठेवला, खांदा चोळला आणि पायरीवर बसून राहिला. काकांनी त्याला पाणी दिलं, पण त्याच्या खांद्याकडे त्यांना बघवलं नाही.

त्या दिवसापासून काकांच्या पोटात राग राहायला आला, तो आधी स्वतःवरचा, मग न मोजता बोलणाऱ्या सगळ्या जगावरचा. तो राग मंद आचेवरचा होता. भडकत नसे आणि विझतही नसे.

दर उन्हाळ्यात कारखान्यात इंजिनिअरिंग कॉलेजची मुलं इंटर्नशिपला येत. आठ आठवडे. काकांना त्यांची चीड होती. पहिल्या दिवशी मुलं शेडच्या दाराशी येत, ओली जमीन बघत, आपले बूट बघत आणि वरच्या मजल्यावर परत जात. वर थंड हवा होती, खुर्च्या होत्या आणि वरचे साहेब होते. आठ आठवड्यांनी मुलांच्या हातात जाडजूड रिपोर्ट असे आणि रिपोर्टवर साहेबांची सही. ते कसं होतं, हे काकांनी कधी विचारलं नव्हतं. वरच्या मजल्याचं त्यांना काही पडलं नव्हतं. तीच त्यांची चूक ठरली.

त्या वर्षी पाच जण आले. चार मुलगे आणि एक मुलगी. मुलगे एकाच खोलीत राहणारे, एकाच फोनवर हसणारे, त्यांना कारखान्यात चौकडी म्हणू लागले. मुलीच्या हातात सदानकदा वही, म्हणून ती वहीवाली.

वहीवालीचे वडील मोटारींचं वाइंडिंग करत. रस्त्यालगतच्या अरुंद गाळ्यात जळक्या मोटारी उघडायच्या, काळी पडलेली तार उपसून नवी भरायची. गाळ्यात बसून तिनं लहानपणापासून तारेचे वेढे मोजलेले. लेक इंजिनिअर होणार म्हणून वडिलांना तिच्याहून जास्त घाई होती. रोज संध्याकाळी ते विचारत, "आज काय शिकलीस गं?"

पहिले तीन आठवडे तिनं रोज काहीतरी रचून सांगितलं. कारण खरं सांगण्यासारखं काही नव्हतं. वर तिला कपाटातल्या फायली वर्षांप्रमाणे लावायला बसवलं होतं. साहेब येता जाता म्हणत, "शाबास, अक्षर छान आहे तुझं." चौकडीला तेवढंही काम नव्हतं. ते मजेत होते.

"अगं, कशाला झिजतेस?" त्यांच्यातला एक म्हणायचा. "रिपोर्ट तर मिळणारच आहे. आयता."

आयता म्हणजे काय ते तिला तिसऱ्या शुक्रवारी कळलं. साहेबांनी पाचही जणांना मागल्या वर्षीचा रिपोर्ट दिला. "यावरून करा. नावं बदला, तारखा बदला, प्रस्तावना आपापल्या शब्दांत लिहा. आकडे तसेच ठेवा, ते तपासलेले आहेत."

"सर, पण आम्ही काही मोजलं नाही," वहीवाली म्हणाली.

साहेब हसले. वाईट हसू नव्हतं ते, दमलेल्या माणसाचं होतं, आणि त्यामुळेच ते तिला जास्त लागलं. "बाळ, इंटर्नशिप ही एक औपचारिकता असते. आम्हाला पंप बनवायचे असतात, शाळा चालवायची नसते."

त्या संध्याकाळी वडिलांनी नेहमीचा प्रश्न विचारला तेव्हा तिला काही रचता आलं नाही. "फायली लावायला शिकले," ती म्हणाली. वडिलांच्या हातातली तार तशीच राहिली. ते म्हणाले, "तीन आठवडे?" एवढंच. मग पुन्हा मान खाली घालून वेढे भरू लागले. तिला वाटलं, बाबा काहीतरी सणसणीत बोलले असते, तर बरं झालं असतं.

सोमवारी ती मागच्या जिन्यानं उतरली आणि शेडच्या दारात उभी राहिली.

"रस्ता चुकलीस," काका मान न वळवता म्हणाले. "कँटीन पलीकडे आहे."

"मला टेस्टिंग शिकायचंय."

"हात दाखव."

तिनं दाखवले. उजव्या अंगठ्यावर तारेनं कापल्याचे जुने पांढरे वण होते. काकांनी ते पाहिले. "कशाचे?"

"वाइंडिंगचे. बाबांच्या दुकानातले."

"किती वेढे बसतात एका खाचेत?"

"मोटार बघून सांगावं लागेल. उघडून मोजल्याशिवाय कसं सांगू?"

काका पहिल्यांदा तिच्याकडे वळले. कोपऱ्यातले रबरी बूट त्यांनी पायानं तिच्याकडे सरकवले. "मोठे होतील. आत कापड कोंब."

त्या आठवड्यात तिनं एकच काम केलं. काका झडप फिरवायचे, पंप चालायचा, आणि ती पाणी खालच्या रेघेला शिवलं की स्टॉपवॉच दाबायची, वरच्या रेघेला शिवलं की पुन्हा दाबायची. पहिल्या दिवशीचे आकडे एकसष्ट, सहासष्ट, अठ्ठावन्न. पंप तोच, झडप तिथेच.

"पंप वेडा झाला की काय?" काकांनी विचारलं.

"मी चुकले असेन."

"असेन म्हणू नकोस. कुठं चुकलीस ते सांग."

तिला सांगता येईना. काकांनी तिचं डोकं दोन बोटांनी खाली दाबलं, अगदी रेघेच्या पातळीला. "वरून बघितलंस तर पाणी आधी पोचल्यासारखं दिसतं. खालून बघितलंस तर उशिरा. डोळा पाण्याच्या पातळीत. आणि झडप फिरवली की लगेच मोजायचं नाही. पाण्याला श्वास घेऊ द्यायचा. दाबमापकाचा काटा थरथरायचा थांबला की मग. तीनदा मोजायचं. तिन्ही जुळले तर लिहायचं, नाही जुळले तर तिन्हींवर रेघ."

चुकलेले आकडे खोडायला तिनं रबर काढलं तेव्हा काकांचा आवाज पहिल्यांदा चढला.

"ठेव ते रबर. वहीत खोडायचं नाही, पान तर फाडायचंच नाही. चुकलं त्यावर एक रेघ मारायची, अशी की खालचं वाचता येईल. शेजारी तारीख. उद्या कुणी विचारलं, इथे काय होतं, तर दाखवता आलं पाहिजे."

ती रोज खाली येऊ लागली. वरच्या कुणालाही पत्ता नव्हता, कारण वर कुणी कुणाला शोधत नसे. तिचे ड्रेस पाण्यानं भिजत, हातांना तेलाचा वास येई. आता संध्याकाळी वडिलांना रचून सांगावं लागत नव्हतं. उलट तेच विचारत, "मग? झडप अर्धी मिटली की काय झालं?" आणि ती जमिनीवर खडूनं पंप काढून दाखवी. झडप जितकी मिटवावी तितका दाब वाढतो आणि पाणी कमी येतं. म्हणजे टाकी भरायला वेळ जास्त लागतो. प्रत्येक ओळीत आधीच्यापेक्षा जास्त. हे दुसरीतल्या पोरालाही कळेल असं होतं.

म्हणूनच सहाव्या आठवड्यात, वर बसून रिपोर्ट लिहायला घेतल्यावर, तिला मागल्या वर्षीच्या तक्त्यातली सातवी ओळ खटकली. आठ ओळींचा तक्ता. सहाव्या ओळीत सहासष्ट सेकंद. आठव्या ओळीत अठ्ठ्याऐंशी. आणि मध्ये सातवीत सत्तेचाळीस. झडप जास्त मिटवली आणि टाकी लवकर भरली. असं पाणी जगात कुठे नाही.

कुणीतरी चौऱ्याहत्तर लिहिताना आकडे उलटे टाकले होते, हे तिच्या लगेच लक्षात आलं. चूक कुणाचीही होते. पण तिनं फायली लावल्या होत्या, कुठलं वर्ष कुठल्या फळीवर आहे ते तिला पाठ होतं. तिनं त्याच्या आधीच्या वर्षीचा रिपोर्ट काढला. सातव्या ओळीत सत्तेचाळीस. त्याच्या आधीचा काढला. सत्तेचाळीस. चौथा काढला, त्यातही. चार वर्षं, चार जिल्दा, चार वेगवेगळी नावं, आणि तोच एक अशक्य आकडा. प्रत्येकावर साहेबांची सही. प्रत्येकावर कॉलेजच्या सरांची सही. कुणी वाचलंच नव्हतं.

तिनं चारही रिपोर्ट छातीशी धरले आणि खाली गेली. तिला वाटलं काका हसतील.

काकांनी हात पुसले, चष्मा लावला आणि पहिला रिपोर्ट उघडला. सातवी ओळ पाहून त्यांच्या नाकपुड्या फुलल्या. "या जातीचा पंप बनायचा बंद होऊन तीन वर्षं झाली," ते म्हणाले. "याला मोजणार तरी कुठे?" मग त्यांची नजर तक्त्याच्या खाली गेली, बारीक अक्षरांत. तिथे लिहिलं होतं, वरील सर्व मोजमापे टेस्टिंग ऑपरेटर यांच्या देखरेखीखाली घेण्यात आली. आणि पुढे त्यांचं नाव. हजेरीपटावरचं, खरं, पूर्ण, वडिलांच्या नावासकट.

त्यांनी दुसरा उघडला. तिसरा. चौथा. प्रत्येक ठिकाणी बोट त्या नावाशी थांबत होतं.

वहीवालीला वाटलं आता ते ओरडतील. ते ओरडले नाहीत. पंप चालू राहिला, टाकी भरली, लाल रेघ ओलांडून पाणी काठावरून जमिनीवर पडू लागलं, आणि ज्या माणसानं शाळेच्या त्या पंपानंतर एक थेंब न मोजता जाऊ दिला नव्हता तो ते नुसतं बघत राहिला. शेवटी तिनंच बटण दाबून पंप थांबवला.

संध्याकाळी घरी काकांच्या बायकोनं बादली नळाखाली लावली आणि सवयीनं नवऱ्याकडे पाहिलं. लग्नाला एकतीस वर्षं झाली होती, आणि ती बादली अठ्ठावन्न सेकंदांत भरते हे त्या घरात देवाच्या नावासारखं रोज उच्चारलं जाई. त्या दिवशी उच्चारलं गेलं नाही.

"अहो, बादली वाहतेय."

"वाहू दे."

तिनं नळ बंद केला आणि समोर येऊन बसली. "कुणी काय बोललं?"

"बोललं नाही. लिहिलंय." त्यांनी सगळं सांगितलं. मग म्हणाले, "एकदा मी न मोजता लिहिलं. त्याचं ओझं आजवर वाहतोय. यांनी चार वर्षं लिहिलं, आणि खाली सही कुणाची टाकली, तर माझी."

"सही नाही, नाव," ती म्हणाली.

"माझ्यासारख्याकडे दुसरं काय असतं गं?"

तिनं उठून बादली आत ठेवली. परत येऊन ती म्हणाली, "मग बसून काय राहिलात? त्या पोरीला नीट शिकवा तरी."

पुढच्या दोन आठवड्यांत काकांनी वहीवालीला श्वास घेऊ दिला नाही. आत्ता बनत असलेल्या नव्या पंपाचा पूर्ण तक्ता तिच्याकडून तीनदा करून घेतला. सातव्या ओळीत शहात्तर सेकंद आले. तीनदा शहात्तर. तिनं रिपोर्ट लिहिला, आणि शेवटी एक जादा पान जोडलं. त्या पानावर चार वर्षांच्या सातव्या ओळी एकाखाली एक मांडल्या आणि खाली लिहिलं, ही मोजमापे घेतलेली नाहीत, कारण हे शक्य नाही. ज्यांचे नाव खाली आहे त्यांना याची माहिती नव्हती.

वरच्या साहेबांनी रिपोर्ट चाळला. शेवटच्या पानाशी थांबले. पुन्हा वाचलं.

"छान केलंयस. खरंच. फक्त हे पान काढ."

"का सर?"

"कारण या चारही रिपोर्टवर माझी सही आहे, आणि तुला माझी पाचवी सही हवी आहे." ते अगदी शांतपणे बोलले. "शनिवारी तुझे सर येतील. सही नसेल तर तुझं वर्ष अडकेल. विचार कर."

मग त्यांनी काकांना वर बोलावून घेतलं. काका रबरी बूट घालून गालिच्यावर उभे राहिले. साहेब म्हणाले, "तुम्ही शहाणे आहात. मुलीला समजवा. तिचं वर्ष तुमच्या हातात आहे." एवढंच बोलून ते फोनवर बोलू लागले.

काका खाली आले. वहीवाली टाकीच्या काठावर बसली होती.

"फाड ते पान," काका म्हणाले.

तिला आपण चुकीचं ऐकलं असं वाटलं. "काय?"

"फाड म्हणतोय ना. माझं नाव चार वर्षं सडलं, आणखी सडेल. तुझं वर्ष जायला नको. बाप तारा ओढत बसलाय तुझा."

वहीवाली उठली. पाच आठवड्यांत काकांनी तिला कधी असं पाहिलं नव्हतं. तिचे कान लाल झाले होते.

"तुम्ही मला पहिल्या आठवड्यात काय सांगितलं? पान फाडायचं नाही. एक रेघ मारायची, खालचं वाचता येईल अशी. ते मला शिकवलंत की मला नुसतं गप्प बसवायला बोललात?"

"पोरी, तुला कळत नाही…"

"मला कळतं. तीन आठवडे मला फायली लावायला बसवलं तेव्हाही कळत होतं. माझ्या वर्षाची काळजी मला आहे, काका. तुम्ही माझं नाव पुढे करून घाबरू नका. हे पान चुकीचं असेल तर सांगा कुठं चुकलंय. मोजलंय ना मी? तीनदा?"

 भिंतीकडे तोंड करून काकांनी घड्याळाला चावी दिली, गरज नसताना, बराच वेळ.

शनिवारी कॉलेजचे सर आले. इस्त्रीचा शर्ट, चामड्याचे बूट, हातात अशाच आणखी सहा कारखान्यांची यादी. वरच्या खोलीत लांब टेबल होतं. चौकडीतल्या चौघांनी आपापले रिपोर्ट ठेवले. सर पानं उलटत सही करत चालले होते. पाचवा रिपोर्ट वहीवालीचा. त्यावर साहेबांच्या सहीची जागा कोरी होती.

"इथे सही नाही," सर म्हणाले.

"होणार नाही," साहेब म्हणाले. "तिनं परवानगीशिवाय पान जोडलंय."

सरांनी ते पान वाचलं. वाचता वाचता त्यांचा चेहरा उतरला. चार सह्या त्यांच्याही होत्या. मग त्यांनी नुकत्याच सही केलेल्या चौकडीच्या रिपोर्टांपैकी एक हळूच ओढला आणि सातवी ओळ शोधली. ती तिथे होती, सत्तेचाळीस सेकंदांसकट.

"साठ मुलांचे रिपोर्ट असतात हो," ते कुणाकडेच न बघता म्हणाले. "कधी वाचणार?"

"सर, या रिपोर्टला जोडलेला फॉर्म वाचता का?" वहीवाली म्हणाली. "सहीच्या जागेखाली काय छापलंय?"

सरांनी वाचलं. "ज्यांच्या प्रत्यक्ष देखरेखीखाली काम झाले त्यांची सही."

"माझं काम ज्यांच्या देखरेखीखाली झालं ते खाली आहेत. या साहेबांनी मला मोजताना एकदाही पाहिलेलं नाही."

 चौकडीतला एक हळूच म्हणाला, "मेली ही आता." पण तो हसत नव्हता.

"त्यांना बोलवा," सर म्हणाले.

"कशाला बोलवायचं?" वहीवाली दाराकडे निघाली होती. "आपण जाऊ ना."

सर तिच्यामागे जिना उतरले. मागून चौकडी. साहेब वरच राहिले, काचेपाशी.

काकांनी सगळं ऐकून घेतलं आणि पेन घेतलं नाही. "मी अशी सही करत नाही," ते म्हणाले.

वहीवालीनं पेन पुन्हा पुढे केलं. "काका."

"तू गप्प बस. सर, तुम्ही मोजा. तुमच्या हातानं. मग करतो."

त्यांनी गळ्यातलं घड्याळ काढून सरांच्या हातात ठेवलं. सर आपल्या बुटांकडे पाहत राहिले. काकांनीही त्या बुटांकडे पाहिलं. सर पाण्यात उतरले.

वहीवालीनं पंप चालू केला आणि झडप सातव्या खुणेवर आणली. काटा थरथरत होता. सरांनी लगेच अंगठा उचलला.

"थांबा," ती म्हणाली. "पाण्याला श्वास घेऊ द्या."

पहिल्यांदा आले एकोणऐंशी. दुसऱ्यांदा बहात्तर. काका हाताची घडी घालून उभे. "पंप वेडा झाला की काय?" त्यांनी विचारलं, आणि चौकडीतल्या एकाला हसू फुटलं ते त्यानं खोकल्यात दडवलं. सर गुडघ्यावर वाकले, डोळा पाण्याच्या पातळीला आणला. शहात्तर. पुन्हा शहात्तर. पुन्हा शहात्तर. उठले तेव्हा त्यांची विजार गुडघ्यापर्यंत भिजली होती.

"कॉलेजात बावीस वर्षं हे फळ्यावर शिकवतोय," ते म्हणाले.

काकांनी सही केली. सावकाश, पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. सरांनी शेजारी लिहिलं, माझ्यासमोर मोजले, आणि खाली आपली सही केली. "कारखान्याचा शिक्का नाही," ते वहीवालीला म्हणाले. "विद्यापीठात कुणी विचारलं तर मी उत्तर देईन. लांबेल कदाचित. पण वर्ष बुडू देणार नाही." मग ते चौकडीकडे वळले. "तुमच्या चौघांच्या सह्या मी मागे घेतोय. दोन आठवडे इथे याल. बूट काढून."

पण काकांचं संपलं नव्हतं. त्यांनी वहीवालीला जुने चारही रिपोर्ट आणायला सांगितले. तिनं आणले. काकांनी पहिला उघडला, तक्त्याखालच्या आपल्या नावावर एक सरळ रेघ मारली, खालचं वाचता येईल अशी, आणि शेजारी आजची तारीख घातली. तसंच दुसऱ्यावर, तिसऱ्यावर, चौथ्यावर.  कपाळावरची शीर तशीच ताठ होती. हे झालं म्हणून राग उतरला, असं झालं नाही. काही राग उतरायचे नसतात.

तेवढ्यात साहेब खाली आले. दाराशी थांबले, ओल्या जमिनीच्या अलीकडे.

"कारखान्याच्या कागदांवर लिहायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला?"

"माझ्या नावावर लिहिलंय," काका म्हणाले. "तुमच्या नावावर नाही."

"आजपासून तुम्ही स्टोअरला. टेस्टिंगला दुसरा माणूस येईल."

आवारापलीकडचं स्टोअर म्हणजे गंजके नट, बोल्ट आणि मोडके पंप. तिथे पाण्याचा थेंब नव्हता. वहीवाली पुढे झाली, पण काकांनी हातानंच तिला थांबवलं.

सरांच्या हातातलं घड्याळ त्यांनी मागून घेतलं. वहीवालीला वाटलं, आपल्याला देतील. त्यांनी ते झडपेच्या चाकावर अडकवलं. "हे या जागेचं आहे," ते म्हणाले. "येईल त्याला चावी द्यायला सांगा. रोज सकाळी, बारा वेढे. जास्त नाही."

"काका, स्टोअरात काय करणार तुम्ही?" चौकडीतल्या एकानं विचारलं. या वेळी चेष्टा नव्हती.

"नट मोजीन. तिथले आकडेही कुणी पाहिले नसतील."

आणि ते निघाले. घड्याळाविना मोकळ्या गळ्यानं, ओल्या बुटांनी, आवाराच्या कोरड्या सिमेंटवर एकामागून एक ठसे उठवत. पहिले ठसे वाळायच्या आत पुढचे पडत होते. साहेब तोंड फिरवून जिन्याकडे वळले. भिजल्या विजारीतले सर, आपल्या बुटांच्या नाड्या सोडायला वाकलेली चौकडी आणि झडपेच्या चाकाला हात लावून उभी असलेली वहीवाली, हे सगळे काका स्टोअरच्या दारात शिरेपर्यंत बघत होते. वळून त्यांनी पाहिलं नाही.